माती लागतेय का थोडी?

एक कबुली देऊन टाकते. लग्नाआधी माझ्या लेखी मासे म्हणजे फक्त समुद्रातले. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा आणि महिनाअखेर असेल तर मांदेली. नदीत, तळ्यात, धरणात जे काही पोहतं ते शाळेच्या ट्रिपला काठावर उभं राहून बघायला छान. पण खायचं? ई! आमचं घर मूळचं मालवणचं, मी वाढले दादरला. ‘गोड्या पाण्यातला मासा’ हे शब्द आमच्याकडे जवळजवळ शिवीसारखे वापरले जात. पप्पा बाजारात एखाद्या कोळणीशी भांडताना शेवटचं अस्त्र म्हणून विचारायचे, “हा काय तळ्यातला आणलास काय?” की संपलं भांडण. निदान पप्पांच्या बाजूनं.

आणि मग मी प्रेमात पडले कुणाच्या, तर भंडारा जिल्ह्यातल्या मुलाच्या. तलावांच्या जिल्ह्यातल्या!

लग्नानंतरचा पहिला मे महिना. आम्ही पुण्याहून गावी गेलो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात कूलरची घरघर आणि मी नव्या सुनेच्या भूमिकेत, कॉटनची साडी सावरत. सकाळी उठले तर सासरे, म्हणजे बाबा, घरात नाहीत. पहाटे पाचलाच सायकल काढून गावाबाहेरच्या तलावावर गेले होते. तिथं ढिवरांची जाळी पहाटे निघतात, तेव्हाच काठावर उभं राहिलं तर मनासारखी मासोळी मिळते. (तिकडे मासा नाही म्हणत, मासोळी.) आठच्या सुमारास आले ते पिशवीत दोन किलोचा रोहू घेऊन. रिटायर्ड शिक्षक, एरवी मोजकं बोलणारे. पण त्या दिवशी तीनदा सांगितलं, “सूनबाई मासे खाणाऱ्या घरची आहे.”

दुपारी ताट आलं. लालभडक रस्सा, वाफाळता भात. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि मालवणी-दादर संस्कारांना जागून अगदी गोड आवाजात विचारलं, “माती लागतेय का हो थोडी?”

कुणी काही बोललं नाही. बाबा म्हणाले, “असंल.” आणि भात कालवू लागले.

संध्याकाळी गावरान कोंबडी झाली. दुसऱ्या दिवशी अंडी. पुढच्या वर्षी पुन्हा कोंबडी, त्याच्या पुढच्या वर्षीही. मला वाटायचं, काय लाड आहेत सुनेचे! सहा वर्षांनी नणंदेनं फोनवर सहज सांगितलं, “अगं, तू येणार असलीस की बाबा मासोळ्या आणतच नाहीत. तुम्ही गेलात की दुसऱ्या दिवशी जातात तलावावर.”

त्यानंतर दोन दिवस ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना. सहा वर्षं! ज्या माणसाची सकाळ तलावाच्या काठावर सुरू होते, तो माझ्या एका वाक्यासाठी सुट्टीभर मासे सोडत होता आणि मी वर कोंबडीच्या रश्श्याचं कौतुक करत होते. त्यात मागच्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. पंधरा दिवस मुक्काम आमच्याकडे. सासूबाई तिकडेच, कारण घरी नातवंडांच्या परीक्षा. मी ठरवून टाकलं, ह्या पंधरा दिवसांत रोहू करायचा, तोही माझ्या हातचा. माफी वगैरे मागता येत नाही आम्हाला, रस्सा करता येतो.

प्रॉब्लेम एकच. मला तो करता येत नव्हता आणि मनातून अजूनही वाटत होतं की माती लागते.

तर आधी त्या मातीचंच बघू. माझा समज होता की हे मासे चिखल खातात म्हणून चिखलासारखे लागतात. चूक! वास पाण्यातून येतो. साचलेल्या, उबदार पाण्यात निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू वाढतात, ते ‘जिओस्मिन’ नावाचं एक रसायन सोडतात. मासा श्वास घेतो, पाणी कल्ल्यांतून जातं आणि जिओस्मिन त्याच्या अंगात शिरतं, विशेषतः चरबीत जाऊन बसतं. म्हणून पोटाकडचा तुपाळ भाग आणि कातडीखालचा काळपट पट्टा जास्त ‘मातकट’ लागतो. आपलं नाक ह्या बाबतीत भलतंच तिखट आहे. एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचे पाच-दहा अब्जांश इतकं जिओस्मिन असलं तरी आपल्याला कळतं.

आता गंमत ऐका. पहिल्या पावसानंतर जो वास येतो, ज्याच्यासाठी आपण ऑफिसच्या खिडक्या उघडतो आणि एकमेकांना भावुक मेसेज पाठवतो, त्या मृद्गंधातला मुख्य घटकही हाच! १९६५ साली गर्बर आणि लशव्हालिए ह्या दोन शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते ग्रीक भाषेतून, अर्थ ‘मातीचा वास’. बीटाला जो जमिनीतून उपटल्यासारखा वास असतो तोही हाच. म्हणजे पावसात आला तर कविता, बीटात आला तर हेल्थ आणि रोहूत आला तर ई!

ह्याचा अर्थ असा की माती लागणं हा जातीचा दोष नसून पाण्याचा आणि ऋतूचा आहे. तलाव आटलेला, पाणी कोमट, शेवाळ भरलेलं असेल तर तोच रोहू मातकट लागेल. पाणी वाहतं, खोल, थंड असेल तर नाही लागणार. मातकट मासा स्वच्छ पाण्यात काही दिवस ठेवला तर वास आपोआप निघून जातो. चांगले मत्स्यपालक विक्रीआधी हे करतातही. आता आठवा, मी भंडाऱ्याला कधी गेले होते? मे महिन्यात. हे वाचलं तेव्हा मला एकदम बरं वाटलं, म्हणजे माझी जीभ खोटं बोलत नव्हती. आणि मग लगेच वाईट वाटलं, कारण जीभ खरं बोलली म्हणून ते बोलायलाच हवं होतं असं थोडंच आहे.

माती वजा केली तर उरतं काय? इथं आम्हा खाऱ्या पाण्याच्या मंडळींची खरी गोची होते. आपण त्या माशात सुरमई शोधत बसतो. समुद्राच्या पाण्यात मीठ भरपूर, त्याच्याशी तोल राखायला तिथले मासे अंगात चवदार अमिनो आम्लं साठवतात. म्हणून बांगडा नुसता मीठ लावून भाजला तरी बोलतो. गोड्या पाण्यातल्या माशाला ती गरज नाही, त्यामुळे त्याचं मांस सौम्य आणि किंचित गोडसर. त्याचा फायदाही आहे. शिळ्या समुद्री माशाला जो नाकात जाणारा उग्र दर्प येतो, त्याला कारण असलेलं द्रव्य नदी-तळ्यातल्या माशात जवळजवळ नसतंच. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू दारावर येत नाहीत, हे मी स्वतः पडताळून पाहिलंय. थोडक्यात, हा मासा शांत स्वभावाचा. त्याला मसाल्यानं बोलतं करायचं असतं आणि मीठ आतपर्यंत पोचवायचं असतं. भाताशी त्याचं जमतं ते त्यामुळेच. बंगाल काय, आपला झाडीपट्टीचा भाग काय, गोड्या पाण्यातला मासा जिथं मनापासून खातात तिथं ताटात भात असतोच.

बंगालवरून आठवलं. आमच्या टीममध्ये एक कोलकात्याची मुलगी आहे. तिला मी लंच ब्रेकमध्ये माझी मोहीम सांगितली तर तिनं डबा बाजूला ठेवला आणि मला शनिवारी सकाळी सात वाजता गणेश पेठेतल्या मच्छी मार्केटात उभं केलं. शनिवारी! सातला! तिनं जे शिकवलं ते तुमच्यासाठी जसंच्या तसं.

रोहू, कटला आणि मृगळ हे तिघे तुम्हाला कुठंही भेटतील. तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आपल्या तलावांत आले ते मत्स्यबीजाच्या रूपानं. पूर्वी हे बीज नदीतून गोळा करावं लागे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही ह्या शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन ह्या माशांची अंडी घालवून घेतली आणि मग देशभर गावोगावच्या तलावांत रोहू पोचला. ओळखायचे कसे? कटल्याचं डोकं अवाढव्य, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरातला, सडपातळ, खवल्यांना लालसर झाक. मृगळ तळाशी चरणारा, चंदेरी. चवीला माझा नंबर एक रोहू. कटला जास्त तुपाळ, त्याचं डोकं मात्र रश्श्यात घातलं तर जीव ओवाळून टाकावा असं. मृगळाला काटे फार, त्याला नवशिक्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

काट्यांची ज्यांना धास्ती आहे त्यांच्यासाठी मरळ. लांबट, सापासारख्या डोक्याचा, काळपट आणि बाजारात बहुतेक वेळा जिवंतच, कारण तो हवेतूनही श्वास घेऊ शकतो. मधल्या बारीक काट्यांचा त्रास जवळजवळ नाही, मांस घट्ट, रश्श्यात फुटत नाही. महाग आहे पण तेवढ्या लायकीचा आहे. वाम मिळाली तर सोडू नका, तिची चव तुपाळ आणि भरदार. आणि चिलापी! हिला मी फार हसायचे. मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आली आणि आता उजनीच्या पाण्यात इतकी माजलीय की बाकीच्या माशांना जागा नको. पण सोलापूर रोडवर भिगवणच्या बाजूला गाडी थांबवून अख्खी चिलापी, दोन्ही बाजूंनी चिरा मारून, लसूण-मिरचीचा मसाला भरून, कुरकुरीत तळलेली खाऊन बघा आणि मग बोला. आपल्या कँटीनमधल्या ‘फिश अँड चिप्स’मधला बासासुद्धा गोड्या पाण्यातलाच बरं का! ‘मी नदीतला मासा खात नाही’ म्हणणारे निम्मे सहकारी तो दर शुक्रवारी खातात. मीही खायचे. आणि हो, काळा, मिशाळ ‘थाई मांगूर’ कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे.

घेताना कल्ले उचलून बघायचे, लालच हवेत, विटकरी नकोत. डोळे फुगीर, पोट बोटानं दाबलं तर परत वर आलं पाहिजे. बर्फातून आंध्रातनं येणारा रोहूही चांगला असू शकतो, फक्त तो किती दिवस बर्फात आहे ते कल्ले सांगतात, विक्रेता नाही. मासा एक ते दोन किलोचा घ्यावा. फार लहान घेतला तर काट्यांतून मांस शोधत बसावं लागतं.

आता पहिला प्रयोग. मी नेहमीच्या सवयीनं मालवणी पद्धतीनं गेले. कोकम, मसाला, रवा लावून फ्राय. बाहेरून झकास, आतून फिका आणि मातकट. नवरा शहाणा आहे, त्यानं “छान झालाय” एवढंच म्हणून चौथी पोळी भाजीशी खाल्ली. दुसऱ्या वेळी शहाणपणा करून तुकड्या रात्रभर लिंबात ठेवल्या. सकाळी त्यांचा भुगा. तिसऱ्या वेळी तोंडाला कडू जहर. कापणाऱ्यानं पित्ताची पिशवी फोडली होती आणि मी बघितलंच नाही.

चौथ्यांदा मी सासूबाईंना फोन केला. आधीच करायला हवा होता, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.

त्यांच्या मते अर्धी लढाई धुण्यातच आहे. पोटाच्या आतला काळा पापुद्रा खरवडून काढायचा, कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ नखानं उकरून धुवायची, हिरवट पित्ताचा डाग दिसला तर तेवढा भाग कापून टाकायचा. मग मूठभर बेसन आणि जाडं मीठ लावून तुकड्या चांगल्या चोळायच्या, सगळा बुळबुळीतपणा त्यात येतो, पुन्हा धुवायच्या. त्यानंतर एक किलोला लिंबाएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ, हळद, मीठ, फक्त पंधरा-वीस मिनिटं. आंबटाचा उपयोग चवीपुरता नाही. आम्ल लागलं की जिओस्मिनचं रूप बदलतं आणि मातीचा वास उतरतो. नुसत्या शिजवण्यानं तो जात नाही. सासूबाईंनी जिओस्मिन हा शब्द ऐकलेला नाही, पण “चिंच नाही लावली तर तलाव ताटात येते” हे त्यांचं वाक्य माझ्या पाच परिच्छेदांपेक्षा भारी आहे.

काट्यांसाठी कोलकात्याची युक्ती. रोहूच्या पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात, ते काढता येत नाहीत. तळायच्या तुकड्यांना धारदार सुरीनं दोन-तीन मिलिमीटरवर जवळजवळ चिरा द्यायच्या, कातडी तुटू न देता. कर्र कर्र आवाज आला की समजा काटे कापले जातायत. गरम तेल त्या चिरांत शिरतं आणि काटे कुरकुरीत होऊन जातात. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी पोटाकडची तुकडी घ्यावी, बंगाली लोक तिला ‘पेटी’ म्हणतात. तिथं मोठ्या फासळ्या असतात, दिसतात, सहज निघतात. पण माती असेल तर तीही तिथंच जास्त. सगळी सुखं एका तुकडीत मिळत नाहीत.

रस्सा असा. दोन कांदे सालासकट गॅसवर काळे होईपर्यंत भाजायचे. अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे धणे, एक चमचा खसखस, तीन-चार सुक्या मिरच्या कोरड्या भाजायच्या. आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, सगळं बारीक वाटायचं. तुकड्या कोरड्या पुसून आधी तळून घ्यायच्या. मी मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून वापरते, ही कोलकात्याची घुसखोरी. सासूबाईंना सांगितलेलं नाही. उरलेल्या तेलात वाटण तेल सुटेस्तोवर परतायचं, तिखट, हळद, गरम पाणी, थोडा चिंचेचा कोळ, मीठ. रस्सा आधी दहा मिनिटं नुसताच उकळू द्यायचा, मग तुकड्या सोडून मंद आचेवर सहा-सात मिनिटं. चमचा घालायचा नाही, कढई हलवायची. वरून सांबार. फोनवर मी विचारलं, “सांबार? इडलीचं?” पलीकडे शांतता. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे सहा वर्षांत मला कळलं नव्हतं! आंबाडीचा पाला मिळाला तर मूठभर चिंचेऐवजी. आणि केल्या केल्या वाढायचं नाही. तासभर झाकून ठेवायचं, मासा शांत आहे, त्याला मसाला ओळखायला वेळ लागतो.

रविवारी दुपारी बाबा टेबलाशी बसले, डोळ्याला हिरवी पट्टी, समोर ताट. मी काय केलंय ते सांगितलं नव्हतं. त्यांनी वास घेतला, वाटीत बोट फिरवलं, तुकडी उचलली. एका डोळ्यानंच ते इतक्या सफाईनं काटे काढत होते की मी बघत राहिले. काटा जिभेनं शोधायचा, ओठांवर आणायचा, ताटाच्या कडेला ओळीनं मांडायचा. पहिली तुकडी संपली, दुसरी संपली. चेहऱ्यावर काहीच नाही. नवरा माझ्याकडे बघतोय, मी पाण्याच्या जगकडे.

मग बाबा माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, “जराशी माती लागून राहिली जी, सूनबाई.”

एक सेकंद माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मग त्यांच्या मिशा हलल्या. नवऱ्याला ठसका लागला आणि मी तर हसता हसता रडायलाच लागले. बाबांनी तिसरी तुकडी मागून घेतली. डोकं मी त्यांच्यासाठी ठेवलंच होतं, ते त्यांनी अर्धा तास पुरवून खाल्लं.

हात धुऊन आल्यावर म्हणाले, “तेव्हाची मासोळी खरंच मातीची होती. मे महिन्यात तलाव आटते, आम्हीबी नाही खात तेव्हा.”

“मग आणलीत कशाला?” मी विचारलं.

“तू मे महिन्यातच आली होती ना.”

दिवाळीनंतर या, पाणी थंड असते, मी पहाटे उठवतो तुला, असंही म्हणाले. संध्याकाळीच तिकिटं बघितली. पुणे-नागपूर, वेटिंग बेचाळीस. काढलीत तरीही.